पासष्ट हजार कामं आणि एक जुना फोन

पुण्यातली ॲप बनवायची नोकरी सोडून मी हिंगणघाटला परत आले. पहिलं काम मिळालं ते ओळखीतल्या एका जिनिंगचं, म्हणजे कापसातली सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याचं. हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग फाटकापासून पार हायवेपर्यंत जायची. शेतकऱ्याने घरूनच मोबाइलवर नंबर लावावा आणि पाळी आली की निघावं, एवढंच माझ्या ॲपने करायचं होतं. काटापूजनाच्या दिवशी ते चाललं तर हंगामभर काम तुझं, नाही तर राम राम, असं जिनिंगच्या मालकांनी, शेठजींनी, सांगून टाकलं. राम राम म्हणजे माझ्यासाठी पुन्हा पुणं.

काटापूजन हा खरेदीचा मुहूर्त. त्या दिवशी वजनकाट्याला हार घालतात, नारळ फोडतात, आणि पहिलं वजन जिनिंगमधल्या सगळ्यात जुन्या माणसाच्या हातून होतं. त्यामुळे ॲपमधला पहिला नंबरही काट्यावरच्या काकाजींनीच त्यांच्या फोनवरून लावायचा, असं ठरलं. मी आनंदाने मान हलवली. त्यांचा फोन कोणता, हे विचारायची बुद्धी मला झाली नाही.

ओळखीच्या माणसाला नाही म्हणणं मला जमत नाही, हा माझा जुना रोग. मुनीमजींना त्यांच्या आंजी गावापासून जिनिंगपर्यंतचा नकाशा हवा होता, टाकला. शेठजींच्या भाच्याला कापसाच्या भावाचा आलेख हवा होता, टाकला. शेठजी म्हणाले, "पंचांग बी टाकून दे, लोक मुहूर्त पाह्यतेत." तेही टाकलं. यातलं मी स्वतः काहीच लिहिलं नव्हतं. जगात कुणी कुणी लिहून फुकट ठेवलेलं तयार सामान आणून जोडत गेले आणि मनात स्वतःची पाठ थोपटत राहिले.

एका दुपारी संगणकाने ॲप बांधणं मध्येच थांबवलं. मेथडींची संख्या मर्यादेबाहेर गेली होती. मेथड म्हणजे प्रोग्राममधलं एक छोटं, नाव दिलेलं काम: तारीख दाखव, बेरीज कर, बटण रंगव. फोन वाचतो त्या एका फाइलीत अशी पासष्ट हजार पाचशे छत्तीस कामंच मावतात, कारण नंबर द्यायला तेवढीच जागा असते. मी घाईघाईने सोपी वाट धरली आणि एका फाइलीच्या दोन केल्या. माझ्या फोनवर ॲप झकास चाललं.

मुहूर्ताला चार दिवस उरले असताना काकाजींच्या फोनवर टाकून पाहिलं. फोन इतका जुना, की काचेचा एक कोपरा चिकटपट्टीने धरलेला. दोन-दोन फाइली उघडताना त्याची दमछाक झाली. पडदा पांढराच राहिला, आणि मग फोनने विचारलं, ॲप प्रतिसाद देत नाही, बंद करायचं का? काकाजींनी सभ्यपणे 'हो' दाबलं.

"काऊन वं पोरी, बंद नव्हतं करा लागत काय?"

शेठजी पाहत होते. म्हणाले, "हिच्या हातचं चालते का नाई, ते आता मुहूर्तालेच पाहू. अन् अर्ध्या गावाकडं असेच फोन हायत." मला रडूच यायचं बाकी होतं. नवा फोन आणून वेळ मारून नेता आली असती, पण ती अर्ध्या गावाची गोष्ट खरी होती.

दुसऱ्या दिवसापासून काट्याशेजारच्या खोलीत बसून मी मोजायला घेतलं. कोणत्या सामानात किती मेथडी, हे दाखवणारं एक साधन असतं. पहिल्यांदा माझ्या स्वतःच्या शोधल्या. हजारसुद्धा भरल्या नाहीत. बाकी सगळ्या परक्यांच्या. मी थक्क झाले, आणि जराशी शरमलेही.

आलेख आणि नकाशा काढून टाकले. पंचांगासाठी आणलेलं तारखांचं सामान मात्र काढण्याआधी उघडून वाचत बसले. कुठल्याशा देशाने घड्याळं कधी तासभर पुढे केली, ते त्यात होतं. एका बेटाने दिनदर्शिकेतला एक अख्खा दिवसच गाळला होता, तोही कुणीतरी जपून नोंदवला होता. कधी भेटणार नाहीत अशा माणसांसाठी लोकांनी हे बसून लिहिलं होतं. इतकं सुंदर काम माझ्या हाताने काढून टाकताना जिवावर आलं.

काकाजी चहा घेऊन आले. "हे एवढं काय मोजून राह्यली तू?"

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी खिशातून आपला फोन काढून हातात धरला.

"म्हंजे माह्या या डबड्यात एवढ्या लोकायनं काम करून ठेवलं? मले तं वाटे, तू एकटीनंच केलं."

"मलेही तसंच वाटत होतं, काकाजी."

मग पंचांगही काढलं. मुहूर्त गुरुजी सांगतील, असं शेठजींना तोंडावर सांगितलं. आयुष्यातलं माझं बहुधा पहिलं 'नाही'. त्यांनी नाक मुरडलं, पण ऐकलं. मुहूर्ताच्या आदल्या संध्याकाळी संख्या मर्यादेच्या आत आली आणि पुन्हा एकच फाइल झाली. नेमकी तेव्हा काकाजींच्या फोनची बॅटरी उतरलेली होती, त्यामुळे त्यावर टाकलं ते थेट सकाळी, पूजा चालू असताना.

नारळ फुटला. पहिला शेतकरी बैलगाडी घेऊन काट्यापाशी उभा होता. काकाजींनी ॲप उघडलं आणि पडदा पांढरा झाला. शेठजींनी माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे. मग काकाजी शांतपणे म्हणाले, "एक नंबर आला." गाडी काट्यावर चढली.

गर्दी पांगल्यावर शेठजी मला म्हणाले, "उद्यापासून नऊले येत जाजो." मी घरी निघाले तेव्हा काकाजींनी फाटकापाशी मला थांबवलं. काट्याला लावतात तसं बोटभर कुंकू त्यांनी फोनच्या मागेही लावलं होतं.

"त्या बाकीच्या लोकायले सांगजो," ते म्हणाले, "हिंगणघाटले वजन बरोबर झालं म्हनून."

मी हो म्हणाले. कुणाला सांगायचं ते मला माहीत नव्हतं, तरी हो म्हणाले.