उजेडाच्या पुढे जाणारं यान

मला लिहायची सवय नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि तिथेही मागच्या बाकावर बसणारा. तेव्हा लिहायचं धाडस करतोय, याबद्दल आधीच माफी मागतो. पण हे सांगणारं दुसरं कुणी उरलेलं नाही.

२००३ साली मी पुण्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. मुठा खोऱ्यातल्या आमच्या गावाहून सकाळच्या एसटीने माझा डबा यायचा. स्वारगेटला कंडक्टर तो माझ्या हातात द्यायचा आणि मी कालचा रिकामा डबा त्याच्याकडे द्यायचो. भाकरीच्या फडक्यात ताईची चिठ्ठी असायची.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. नवव्या वर्षी तिला ताप आला, त्यात हृदयाची झडप खराब झाली. तेव्हापासून चार पावलं चालली की धाप. शेतातलं काम नाही, लग्नाचा विषय नाही. बसून भाकऱ्या थापायच्या आणि माझी जुनी पुस्तकं वाचायची.

त्या दिवाळीत तिने विचारलं, "आरं, एखादं यान उजेडाच्या म्होरं जाईल का?"

"कशाला गं?"

"हितून गेलेला जुना उजेड अजून लांब चाललाय, तुझ्याच पुस्तकात हाय. यान त्याच्या म्होरं गेलं, तर मागं वळून मला मीच दिसंन. तापाच्या आदीची. वढ्यापातुर पळायची मी. तुला काय ठावं!"

"मला नाही माहीत जाईल का ते."

"मंग सरांना इचार की! का कालेजात बी मुक्यागत बसतोस?"

मुक्यासारखाच बसायचो. शहरातली मुलं फाडफाड इंग्रजी बोलायची. माझा प्रश्न ऐकून हसतील, अशी भीती. चिठ्ठ्या येत राहिल्या. 'इचारलंस का?' 'सर चावतात का रं?' मी रिकाम्या डब्यातून कळवायचो, सर रजेवर आहेत. पाच महिने हेच खोटं.

एप्रिलमध्ये पहिला पेपर देऊन निघालो तर फिजिक्सचे सर जिन्यात भेटले. कसंबसं विचारलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "वेग जितका वाढवावा, तितका तो आणखी वाढवणं अवघड होत जातं. यान प्रकाशवेगाच्या अगदी जवळ नेता येईल. पण तो गाठायला अमर्याद ऊर्जा लागेल. मग पुढे जाणं दूरच."

"कधीच नाही, सर?"

"आज जे माहीत आहे त्यावरून, नाही."

हे ताईला कसं लिहायचं? दोन दिवस चिठ्ठ्या लिहून फाडल्या. शेवटी सरांचं बोलणं आहे तसं लिहिलं. खाली लिहिलं, 'तू कशी पळायचीस ते सुट्टीत मला सांग. मी ऐकतो.'

उत्तर आलं नाही. वाटलं, रुसली. डब्यातल्या भाकऱ्याही जाड, कडेला करपलेल्या येऊ लागल्या. तरी माझ्या डोक्यात काही आलं नाही.

शेवटच्या पेपरच्या दुसऱ्या दिवशी एसटीतून डब्याऐवजी धाकटे चुलते उतरले.

"पेपर झालं ना समदं?" त्यांनी आधी तेवढंच विचारलं. मग माझा दंड धरला. "ताई गेली रं. आठ दिस झालं. तुझी परीक्षा बुडू नगं म्हून कळवलं न्हाई. तिनंच तसं सांगितलं व्हतं."

"माझी चिठ्ठी?"

"ताई गेली, त्याच्या दुसऱ्या दिशी आली."