लीलाकमलची परमिटं लिहिणारा

कोंडिराम मला आधी दिसला तो कागदावर. २००४ साली सातवीच्या सहलीची संमतिपत्रं तपासताना माझ्या वर्गातल्या राजश्रीच्या फॉर्मवरचा पत्ता पाहून मी थांबले. शिरोरेघा एका पातळीत, काने सरळ, प्रत्येक वेलांटीला नेमका बाक. खाली वडिलांची सही होती. व्यवसायापुढे एकच शब्द: हॉटेल. हा माणूस आमच्याच सोसायटीत बी विंगला भाड्याने राहतो, हे नंतर कळलं. परभणीकडचा, बारीक, जिन्यात कोणी भेटलं की भिंतीला टेकून वाट देणारा.

हॉटेल म्हणजे केबिन रोडच्या मागच्या गल्लीतलं ‘लीलाकमल’. तेव्हा त्या गल्लीत चार परमिट रूम होत्या. भर दुपारीही आत अंधार, दाराला जाड पडदा, बाहेर तळलेल्या बोंबलाचा वास. कोंडिराम तिथे वेटर होता.

एप्रिल २००६ मधल्या एका दुपारी तो माझ्या दारात आला. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता.

“बाई, लई घोळ झालाय. एक्साइजवाल्यांनी वही उचलून नेली.”

“कसली वही?”

त्याने सांगितलं तेव्हा मला समजलं. दारू प्यायची तर कायद्याने परवाना लागतो. तो नसलेल्याला बार एका दिवसाचं परमिट देतो, त्यावर नाव आणि पत्ता लिहावा लागतो. पण गिऱ्हाईक खरं नाव कशाला सांगेल? मग मालकाने कोंडिरामचं अक्षर पाहून ते काम त्याच्यावर टाकलं. रोज दुपारी बसून तो साठ-सत्तर नावं मनाने लिहायचा.

“रोज नवी नावं कुठून आणू, बाई? गावाकडची संपली, नात्यातली संपली. मग आपल्या बी विंगच्या टपालपेट्यांवरची लिहायला लागलो. पत्ता खरा वाटावा म्हणून खोलीनंबरसकट.”

“माझंही?”

“न्हाय, न्हाय! मास्तरीणबाईंचं कसं लिहीन?” तो खरोखर दचकला. मग आवाज खाली आला. “पण पंढरीनाथकाकांचं लिवलं. जानेवारीत ते गेले, पेटीवर नाव तसंच राहिलं. माझ्या ध्यानातच आलं न्हाय. मार्चमधी त्यांच्या नावानं अकरा परमिटं हायत.”

पंढरीनाथ म्हणजे तळमजल्यावरच्या सरूबाईंचे यजमान. आयुष्यभर एक थेंब न घेतलेला माणूस.

“साहेब आता पत्त्यावर येऊन विचारणार. अक्षर कुणाचं ते शोधतायत. मला आत टाकलं तर राजश्रीचं काय, बाई? तिला आई बी न्हाय.”

पुढचे चार दिवस तो कामावर गेला नाही. गल्लीत जीप थांबली की त्याची खिडकी बंद व्हायची. राजश्रीने मला विचारलं, “बाई, पप्पा जेवत का नाहीत?” मी उन्हाळ्याचं कारण सांगितलं. पुराव्याला पुरतील असे त्याच्या अक्षरातले तीन फॉर्म शाळेच्या कपाटात होते.

पाचव्या दिवशी तो म्हणाला, “साहेब यायच्या आधी सरूमावशीला सांगतो. तुम्ही नुसत्या बसा.”

सरूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग भिंतीवरच्या यजमानांच्या फोटोकडे पाहिलं.

“अकरा वेळा?”

“व्हय, मावशी.”

“जिवंतपणी सोड्याची बाटली फोडली तरी नाक मुरडायचे. मेल्यावर बरे हिंडायला लागले!” त्या हसल्या आणि लगेच पदर डोळ्यांना लावला. “मेल्या, माझ्या माणसाचंच नाव सापडलं तुला?”

तेवढ्यात दारात दोन माणसं उभी राहिली. पुढच्याच्या हातात वही होती.

“पंढरीनाथ महिपत पवार?”

“जानेवारीत वारले,” सरूबाई म्हणाल्या. “आणि ही बाई शिक्षिका आहे, हिला विचारा ते कसे होते.”

मला ती ओळख नको होती. साहेबांनी वही माझ्यापुढे धरली. “मग अक्षर ओळखता येईल तुम्हाला. इथल्याच कोणाचं असणार.”

त्या सरळ शिरोरेघा मी पाहिल्या. मी मान वर करायच्या आत मागून कोंडिरामचा आवाज आला.

“बाईंना कशाला विचारता, साहेब? माझं हाय.”

साहेबांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. वहीचं मागचं पान उघडून पेन दिलं. “लिही. पंढरीनाथ महिपत पवार.”

कोंडिराम टेबलाशी वाकला. हात इतका थरथरत होता की पेन दोनदा निसटलं. त्याने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. तरी पानावर उमटल्या त्या वाकड्या, तुटक रेघा. ‘ढ’ तर ओळखूच येईना. पहिलीतलं मूलही याहून बरं लिहितं.

“हे तुझं अक्षर?” साहेब वैतागले. “मालकाने पाठवलं का रे तुला, दुसऱ्याचं अंगावर घ्यायला?”

“न्हाय साहेब, खरंच माझंच—”

“चल, बस झालं. मावशी, येतो.”

ते वरच्या मजल्यावर गेले. त्यांच्या बुटांचा आवाज थांबेपर्यंत आम्ही तिघंही हललो नाही. तो खरं बोलतोय हे मला माहीत होतं, तरी मी ते साहेबांना सांगितलं नाही. ते मला आजही बरं वाटत नाही.

त्या वहीपायी लीलाकमलला महिन्याभरात टाळं लागलं; अक्षर कुणाचं ते विचारायला मात्र पुन्हा कोणी आलं नाही. पुढे उरलेले तिन्ही बारही गेले. लीलाकमलच्या जागी आता चपलांचं दुकान आहे.

कोंडिराम रोज सकाळी साडेसहाच्या बसने किनाऱ्यावरच्या चौक गावी जातो आणि तिथे बर्फाच्या कारखान्यात लाद्या उचलतो.