आपण होऊन पाठ टेकवणारे वस्ताद

आदरणीय ज्ञानोबाराव वस्तादांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या अंकात मी लिहावं, असं तालमीच्या मंडळींनी ठरवलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. कॉलेज अर्धवट टाकून आलेल्या माणसाचं इथे काय काम? पण पुढे जिची हकीकत येते त्या सकाळी वस्तादांच्या सर्वांत जवळ मीच होतो, असं मंडळींचं म्हणणं. ते खरं आहे. त्या धक्क्यातून मी अजून बाहेर आलेलो नाही.

वस्तादांचं पहिलं दर्शन झालं तेही धक्का देऊनच. ते नुकतेच जपानातून परतले होते. एके काळी यांची पाठ कुणी मातीला लावली नव्हती, म्हणून परभणीकरांनी हौसेनं कुस्ती ठेवली. समोरचा तरणा पैलवान अंगावर धावून आला. वस्तादांनी त्याला अडवलंच नाही. त्याचे दोन्ही हात धरून ते स्वतःच पाठीवर लोळले, आणि पैलवान त्यांच्या डोक्यावरून पलीकडे जाऊन पडला. हलगीवाल्याला दिसली ती फक्त वस्तादांची पाठ. त्यानं निकालाची हलगी घुमवली, लोकांनी त्या पैलवानाला खांद्यावर घेतलं. तोंडातली माती थुंकत तो बिचारा वरून विचारत होता, "आरं, पण मला पाडलं कुणी?" सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होते ते वस्ताद.

ही विद्या त्यांना भेटली कोबे बंदरात. ते तिथे कापसाच्या वखारीवर राखणदार होते. पुढचं त्यांच्याच शब्दांत: "एक किडकिडीत म्हातारे गुरुजी होते. माझ्या अंगात माज. धरलं त्यांचं मनगट. जोर कुठं लागलाच न्हाई, अन् मी आडवा! पुन्हा धरलं, पुन्हा आडवा. वर मलाच उठायला हात द्यायलेत! तवा रडलो बघा." त्या विद्येला तिकडे 'ऐकी' म्हणतात. अंगावर येणाऱ्या जोराशी भांडायचं नाही, त्याला वाट द्यायची. आणि येणाऱ्यालाही इजा होऊ द्यायची नाही. पण हे सगळं नंतर. वस्तादांकडे आधी महिनोन्‌महिने फक्त पडायला शिकायचं. पाठ मातीला लागली की संपलं, हे ऐकत वाढलेली आमची पोरं! निम्मी पळून गेली.

तालमीला सरकारी इजाजत मिळवताना पोलिसांचे अमीनसाहेब स्वतः पाहायला आले. बराच वेळ पाहून म्हणाले, "ये कैसी कुश्ती है वस्ताद? हारा कौन?"

"कुणीच न्हाई, साहेब."

साहेबांनी मान हलवत सही केली.

मी मात्र पळालो नाही, कारण मला जायला दुसरी जागाच नव्हती. कॉलेज सोडलेलं, आणि ताडकळसच्या एका मुलीत जीव गुंतलेला. नाव लिहीत नाही. ताडकळसात ते सगळ्यांना माहीत आहे. तिचे वडील किसनराव आमच्या तालमीचं नावसुद्धा ऐकून घेत नसत. का, ते मला ठाऊक नव्हतं.

त्या सकाळी तिचा भाऊ मारुती काठी घेऊन तालमीत शिरला. "कुठंय तो कॉलेज सोडलेला? आमच्या दारावरून लय फेऱ्या मारायलाय!" मीही मुठी आवळून पुढे झालो. काठी माझ्या डोक्यावर उठली. वस्ताद मध्ये आले. काठीचा हात धरून ते फक्त वळले असावेत. मला नीट दिसलंच नाही. दिसलं ते एवढंच, की मारुती मागे कोसळतोय आणि त्याच्या डोक्याखाली तालमीतला, जोर अजमावायला उचलतात तो दगडी नाल आहे.

आवाज झाला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा नालावर वस्तादांचा पंजा होता आणि पंज्यावर मारुतीचं डोकं. बोटांतून रक्त येत होतं.

"सोडा मला!" मारुती ओरडला.

"सोडतो बाबा. तुज्या घरातलं एक हाड मी मोडलंय. दुसरं मोडू देणार न्हाई."

किसनरावांचा वाकडा हात साऱ्या मुलखानं पाहिलेला. तो पाथरीच्या जत्रेतल्या कुस्तीत वस्तादांनी मोडला होता, आणि त्याच दुःखानं ते देश सोडून गेले होते, हे आमच्या पिढीतल्या कुणालाच तोवर माहीत नव्हतं.

मग मारुतीला सोडून वस्ताद त्या विशीतल्या पोरासमोर मातीत सरळ उताणे झाले. "जा, बापाला सांग. ज्ञानोबाची पाठ लागली."

हलगीवाला कोपऱ्यात उभा होता. त्याचा हात हलगीकडे गेला नाही.

मारुती काठी तिथेच टाकून गेला. पुढच्या सोमवारी किसनराव स्वतः आले. वस्तादांच्या हाताला पट्टी होती, ते मातीत बसून पोरांना पडायला शिकवत होते. किसनरावांनी तोच वाकडा हात पुढे केला.

"ऊठ की आता, ज्ञानोबा. किती दिवस पडून ऱ्हाणार?"

वस्ताद उठले. त्यांनी बांधलेल्या हातानं माझ्याकडे बोट दाखवलं. किसनराव म्हणाले, "त्याचं कॉलेज पुरं होऊ दे. मग बघू."

मी उद्या पिंगळी स्टेशनवरून कॉलेजला परत जायची गाडी धरतो आहे. डोकं अजून तापतं. पण तापलं की तो नाल आणि त्यावरचा तो पंजा आठवतो. वस्तादांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आमच्यासारखी पुष्कळ डोकी अजून पडायची आहेत. त्यांच्याखाली तो हात वेळेवर पोचत राहो.