लाल गाडीची नवी जोडी

कल्लप्पा टायरवाल्याला कधी लाल गाडीत बसलेलं बघितलं असतं, तर तुम्हीही तेच म्हणाला असता. काय ऐट आहे गड्याची! दोनच माणसांची ठेंगणी विलायती गाडी, वर टप नाही, स्टेअरिंगवर कल्लप्पा आणि शेजारी डॉक्टर रुद्राणीबाई. अक्कलकोट रस्त्यावरचं आपलं टायरचं दुकान रोज अकराला बंद करून हा बाबा बाईंची गाडी चालवायला जायचा. पगार विचारला तर अंगावर यायचा. लोकांना वाटे, गाडीचा शौक. शौक कसला डोंबलाचा! माणूस आतून सहा वर्षं जळत होता.

गोष्ट त्र्याहत्तरच्या सप्टेंबरातली. ही गाडी गिरणीतल्या इंग्रज साहेबानं जाताना बाईंच्या वडिलांना विकलेली. वडील गेले, गाडी बाईंकडे आली. दवाखाना सांभाळून बाई पार वळसंग गावापर्यंत बाळंतपणं करायला जायच्या त्या याच गाडीतून, स्वतः चालवत. कल्लप्पाची दोन्ही पोरं त्यांच्याच हातची.

चारही टायर गुळगुळीत झाले होते. त्या मापाचे टायर सोलापुरात कुठले मिळायला! मुंबईला चार चिठ्ठ्या पाठवल्या तेव्हा कुठं दोन आले. बाकीचे दोन येतील तेव्हा येतील. आता ही नवी जोडी घालायची कुठं, पुढं का मागं?

बाई गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक घेऊनच आल्या होत्या. "कल्लप्पा, यात नवे टायर मागं घाला म्हणून लिहिलंय."

कल्लप्पाचा जन्म गेला ट्रकचे टायर काढण्यात. ट्रकवाल्यांचा एकच नेम, चांगला टायर पुढं. ट्रकला मागं दोन्ही अंगांना जोडटायर, एक फुटला तर दुसरा तोलून धरतो. पुढचा फुटला की खेळ खलास. शेजारच्या हॉटेलातला नागप्पा आणि चार गिऱ्हाईकं चहा पीत ऐकत होती. कल्लप्पाला चेव चढला.

"बाई, पुस्तक बाळंतपणाला वाचा की! चाकं माज्यावर सोडा."

सगळे खो खो हसले. बाईही कसनुशा हसल्या आणि पुस्तक पर्समध्ये ठेवून दिलं. कल्लप्पानं नवे टायर पुढं ठोकले.

आठवडाभरानं बाई गाडी चालवत वळसंगहून परतताना पावसानं रस्ता निसरडा झाला होता. वळणावर पुढच्या नव्या चाकांनी रस्ता धरला आणि मागच्या गुळगुळीत चाकांनी सोडला. हलकी गाडी, भोवऱ्यासारखी गरकन फिरली आणि नाल्यात गेली. बाई वाचल्या, पण उजवा हात मनगटापासून गेल्यातच जमा. तो पुन्हा कधी बाळाचं डोकं धरू शकला नाही.

गाडी ओढून आणायला कल्लप्पाच गेला होता. रस्त्यावर मागच्या चाकांचा आडवा फराटा बघितला आणि त्याला कळलं, मागची चाकंच आधी सुटली. कुणी सांगायची गरजच नव्हती. अय्यो देवरे, काय केलं म्या हे!

पंचनाम्याला पोलिसानं विचारलं, "टायर कसे होते?"

"नवे होते की सायेब," कल्लप्पा म्हणाला. "पुढचे दोनी नवेच."

मागचे कुणी विचारले नाहीत, आणि यानं सांगितले नाहीत. जमलेल्या गर्दीत नागप्पा मोठ्यानं म्हणाला, "बायामाणसानं असल्या गाड्या हाणूच नयेत." सगळ्यांनी माना डोलावल्या. कल्लप्पानंही. ती मान डोलावलेली त्याला पुढं घास गिळू देईना.

गाडी नीट झाल्यावर त्यानं गुपचूप नवी जोडी मागं टाकली आणि बाईंच्या दारात उभा राहिला. "गाडी मी चालवीन बाई. पगार नगं." बाईंनी त्याला निरखून बघितलं आणि बरं म्हणाल्या. रोज गाडीत बसला की वाटायचं, आज सांगून टाकू. बाई डाव्या हातानं पदर सावरत, आणि हा गाडी सुरू करी.

एकोणऐंशी साली पुन्हा टायर बदलायची वेळ आली. या खेपेलाही दोनच मिळाले. बाई दुकानात बाकड्यावर बसून होत्या. म्हणाल्या, "कल्लप्पा, कुठं घालणार?"

"मागं," तो खाली मान घालून म्हणाला.

"का हो?"

कल्लप्पानं पाना खाली ठेवला. "बाई, तुमचा हात म्या घालवला. पुस्तकात बरोबर लिवलं हुतं."

"माहीत आहे मला," बाई म्हणाल्या. "पुस्तक मी वाचलं होतं. तुमचं ऐकलं ती चूक माझी, त्याचा राग नाही. पण सहा वर्षं गावानं मला तोंडावर सांगितलं, बायकांना गाडी जमत नाही. तुम्ही तिथंच उभे असायचात. मी रोज शेजारी बसून वाट बघत होते, तुम्ही कधी बोलाल म्हणून."

कल्लप्पाला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. आपण सेवा करतोय असं समजत होतो आणि बाईंना मात्र ताटकळत ठेवलं होतं.

तो तसाच तरातरा नागप्पाच्या हॉटेलासमोर गेला. हाताला काळं तेल, डोळ्यांतून पाणी. "ऐका रं समदे! बाईंची चूक न्हवती. चांगले टायर म्या पुढं घातले, म्हून गाडी फिरली. पंचनाम्यात म्या लपवलं. बाई गाडी झ्याक चालवत हुत्या!"

नागप्पा उठला, याच्या पाठीवर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बघा, माणूस किती इमानी हाय. बाईंचा बोल सोताच्या अंगावर घेतोय."

"आरं न्हाई! खरंच सांगतोय!" कल्लप्पा ओरडला.

"व्हय व्हय, बस. च्या घे," नागप्पा म्हणाला. लोक मायेनं हसले. कल्लप्पानं मागं वळून बघितलं. बाकड्यावर बाईंनी सगळं ऐकलं होतं. त्या उठल्या आणि गाडीकडे गेल्या. ड्रायव्हरच्या शेजारच्या जागेवर बसून, निकामी हात मांडीवर ठेवून, त्या समोर रस्त्याकडे बघत राहिल्या.