शिव्या काढलेलं गाणं

आमच्या लू राज्यात पन्नाशी उलटलेल्या निपुत्रिक बायकांना सरकार धान्य आणि कापड देई, आणि त्यांच्याकडून गावोगावची गाणी गोळा करवून घेई. लोकांच्या पोटात काय आहे ते राजाला कळावं म्हणून. आमच्या गावात हे काम शूरन आजी करायची. गळा म्हणाल तर फुटक्या मडक्याचा, पण ऐकलेला शब्द ती विसरत नसे.

त्या साली पुरुषांना नदीच्या बांधावर वेठीला नेलं आणि राळे कापणीला आले तरी एकालाही सोडलं नाही. माझा नवराही त्यांतच. मी गेल्या सालचे राळे कांडत माझंच एक गाणं म्हणत होते. आजी उंबऱ्यावर येऊन बसली.

"शेत पिकलं, कापायला कोण? चूल पेटली, जेवायला कोण?" इथवर ती डोलत होती. मग बांधावरच्या मुकादमाची जीभ सडो, त्याच्या घरावर गाढवाचा नांगर फिरो, असं सुरू झालं.

"त्यातल्या शिव्या काढून टाक, पोरी."

"का? खोटं आहे का त्यात काही?"

"खोटं नाही. पण शिव्या ऐकून राजा चिडेल, दुःख ऐकलं तर लाजेल. तुला काय हवंय? मुकादमाची जीभ की नवरा?"

मला तिचा भयंकर राग आला. तरी शिव्या गिळल्या.

आजी ते गाणं घेऊन अंमलदाराकडे गेली. तो म्हणाला, "हे रडगाणं नको. बांधाची स्तुती घाल, नाहीतर तुझं धान्य बंद."

"शिव्या काढल्यात, साहेब. आता दुःखही काढलं तर उरेल ते खोटं."

"तुझं कोण अडकलंय तिथे, म्हातारे?"

"कुणी नाही. म्हणून तर हे काम मला दिलंय."

धान्य बंद झालं. आजीने गाठोडं बांधलं आणि पायी राजधानी गाठली. तिथल्या दरबारी गवयांनी ते गाणं शब्द न बदलता राजापुढे म्हटलं. थंडी पडायच्या आत आमचे पुरुष घरी आले. नवऱ्याला दारात पाहून मी गुरासारखी रडले.

आजीचं धान्य मात्र पुन्हा सुरू झालं नाही. आम्हीच घरोघरून तिला वाढायचो. वसंतात ती परत काठी घेऊन निघाली, तशी मी तिला अडवलं.

"आजी, आता सरकार काही देत नाही. कशाला जातेस?"

"पलीकडच्या गावचे पुरुष सरहद्दीवर आहेत," ती म्हणाली. "ते अजून आले नाहीत."