बारक्याच्या पोटावरची गाठ

लॉन्ड्रीत ताईच्याच हातची इस्त्री हवी म्हणून गिऱ्हाइकं थांबायची. पण तिची खरी ऐट होती घरातल्या एका कामाची. धाकट्या भावाला इन्सुलिन द्यायचं. बारक्याला डायबेटिस निघाला तेव्हा आईला टोचवायचं नाही, बाबा सुई बघूनच सटकायचे. ताईने इन्सुलिनचं पेन हातात घेतलं ते कुणाला दिलंच नाही.

आता बारक्याला मिसरूड फुटलं होतं, तरी शर्ट वर करून मोबाइल बघत बसायचा. बेंबीच्या डावीकडे ताईने हुडकलेली जागा. तिथं त्याला कळायचंही नाही. तरी हल्ली रक्तातली साखर चढलेलीच.

"चोरून काय खातोस रे?"

"आईशप्पथ, काही नाही."

मग दवाखान्यात अशा पोरांचा गट सुरू झाला आणि बारक्याला चष्मिश भेटली. तिलाही हाच आजार. तेव्हापासून उठता-बसता "चष्मिश म्हणते." चष्मिश म्हणते, जेवणाआधी साखर बघायची. ताई इतकी वर्षं घसा फोडून तेच सांगत होती, तेव्हा याच्या कानात बोळे होते. ताईचा नुसता जळफळाट.

एका संध्याकाळी ती पेन घेऊन आली तर तो मागे सरकला.

"इथं नको. गाठ झालीय."

"कोण म्हणतं? चष्मिश?"

"नर्सबाईंनी पण बघितली. रोज तिथंच टोचलं की गाठ होते, औषध नीट लागत नाही."

ताईने बोट दाबलं. कातडीखाली रबरासारखं काहीतरी. जिचा एवढा तोरा मिरवला, तीच जागा.

"मग जा, तिच्याकडूनच टोचून घे."

"तिच्याकडून कशाला? मीच घेणार. नव्या जागेत जास्त लागू पडतं म्हणून नर्सबाईंनी डोस पण कमी केलाय."

'मीच घेणार' हे तर चष्मिशपेक्षा जास्त झोंबलं. ताई उठली.

"कुठं चाललीस? बस ना. हात मात्र लावू नकोस."

ती बसली. हात शिवशिवत होते, ते मांडीखाली दाबले. बारक्याने डोळे बारीक करून उजवीकडे सुई टोचली, थोडं थांबून काढली.

"दुखलं?"

"खूप."

"माझ्या हातचं कधी दुखलं नव्हतं."

"म्हणून तर गाठ झाली."

ताईने मांडीखालचे हात काढले. मग म्हणाली, "तुझ्या त्या चष्मिशच्या शेजारी कोण बसतं?"

"कुणी नाही. एकटीच घेते."

ताईला बरं वाटलं. आणि बरं वाटलं याची लाजही वाटली नाही.