बानूबाईच्या शिंपल्यांचा रस्सा

भिगवणला धरणाच्या फुगवट्यात उतरली की बानूबाईचे डोळे कुठंही असोत, काम करायचे ते पाय. गुडघाभर पाण्यात उभं राहून अंगठ्यानं चिखल चाचपायचा, टणक काही लागलं की वाकायचं आणि शिंपला ओच्यात टाकायचा. बापाची मेंढरं होती. सासरी आली तेव्हा धरणाचं पाणी दाराशी येऊन थांबलेलं. मग पाण्यातलं काम ती शेजारणींकडं बघून शिकली.

पण नाव झालं ते तिच्या रश्शाचं. आसपास कुणी बाळंत झालं की बानूबाईचा डबा जायचाच. लसूण-मिऱ्याचा, पातळ, वाफाळता रस्सा. दूध चांगलं उतरतं, बायका म्हणायच्या. शिंपले ती आधी रातभर विहिरीच्या पाण्यात ठेवायची; त्यांनी चिखल ओकला की मगच चूल.

यंदा तिची स्वतःची लेक, छकुली, बाळंत होऊन माहेरी आलेली. तिच्यासाठी रस्सा चुलीवर होता. एक डबा नुकताच शेजारीण जयवंताकडं, तिच्या बाळंतीण सुनेसाठी गेला होता. तेवढ्यात कॉलेजच्या बाई दारात आल्या. मागं त्यांनी तिचेच शिंपले तपासायला नेले होते.

“बानूबाई, शिंपल्यांत शिसं निघालं. वरच्या शहरांचं, कारखान्यांचं पाणी येतं ना, ते शिंपला पोटातून गाळत बसतो. बाळंतिणींना, लेकरांना देऊ नका.”

“आवो बाई, मी काय तसंच शिजवते व्हय? रातभर हिरीच्या पाण्यात असत्यात. समदी घाण ओकत्यात.”

“चिखल ओकतात. शिसं मांसात मुरलेलं असतं. धुऊन जात नाही, उकळूनही नाही.”

“मंग खाणारीचं काय?”

“तिच्या अंगात साठतं. थोडं दुधातही उतरतं.”

बानूबाईच्या हातातली पळी थांबली. मेंढीनं वाईट पाला खाल्ला की बाप कोकराला तिच्याजवळ फिरकू द्यायचा नाही. दोघं ओरडून रान डोक्यावर घ्यायची. बाप मात्र गुमान दूध मातीत पिळायचा.

बाई गेल्यावर तिनं पातेलं उतरवलं.

“आये, हे काय गं?” खाटेवरून छकुली म्हणाली. “दुनियेच्या सुना पोसल्यास, अन् माझा नंबर आला तर चूल इझवतीस?”

“कढण करते तुला डाळीचं.”

“कढण तर माझी सासूबी करती! त्यासाठी आले का हितं?”

“शिंपल्यात शिसं हाय, ते दुधातनं लेकराला जातंय,” बानूबाई म्हणाली. परसात खड्डा करून तिनं रस्सा ओतला, वर माती लोटली आणि तशीच मातीच्या हातांनी निघाली.

“कुठं चाललीस?”

“जयवंताकडं. डबा आणते.”

“अगं, काय सांगशील? आजवर जिला जिला पाजलास, त्या समद्या इचारायला येत्याल.”

बानूबाई क्षणभर उंबऱ्यात थबकली. मग चालू लागली.

जयवंता ताट वाढतच होती. “बानू? ये की. सून केव्हाची वाट बघतीया.”

“वाढू नगंस.”

“का गं? मीठ जास्त पडलं व्हय?”

किती सोपं होतं ‘हो’ म्हणणं. बानूबाईची मान हलायला आलीच होती. आतून बाळाचा चुटूचुटू पिण्याचा आवाज येत होता.

“न्हाय,” ती म्हणाली आणि डबा ओढून घेत खाली बसली. “मीठ बराबर हाय. सुनेलाबी भाईर बोलाव. दोघींनी ऐकायचं हाय.”